त्रेचाळीसचा पुठ्ठा

(तक्ते करायची खोली. लांब टेबल, त्यावर हाताने लिहिलेल्या आणि छापून आलेल्या पानांचे दोन गठ्ठे. टेबलाच्या टोकाशी नणंद, भिंतीकडच्या खुर्चीत तिची विधवा भावजय, दारात छापखान्याचा मालक.)

छापखानेवाला : ...तसं नाही ताई. साधी छापायची चूक असती तर मी तीन जिने चढून आलो नसतो, माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. आमच्या पोराने अंक उलटा लावला, मी त्याला दोन शिव्या दिल्या, विषय मिटला. पण ही चूक माझ्याकडची नाही. तुमच्याकडून आलेल्या पानातच घर मोकळं आहे.

नणंद : बघितलं. मघापासून तेच बघतेय. तेवीस लाख बावीस हजार त्रेचाळीस, घर मोकळं. म्हणजे आम्ही चारचौघांत छापून सांगितलं की ही मूळ संख्या आहे, एकाने आणि स्वतःने सोडून दुसऱ्या कशानेही तिला भाग जात नाही.

छापखानेवाला : आणि तक्ता विकत घेतलेले मास्तर कार्ड टाकून कळवतात की जातो.

नणंद : मास्तर कशाला हवेत त्याला? आकडा स्वतःच बोंबलतोय. त्रेचाळीस गुणिले चोपन्न किती?

छापखानेवाला : मला काय विचारता? मी शाई-कागदातला माणूस.

नणंद : वहिनी, तुम्ही सांगा.

भावजय : तेवीसशे बावीस.

नणंद : ऐकलंत? पुढचे चार अंक तिथेच गेले. मागे उरलं काय, तर शून्य त्रेचाळीस. त्रेचाळीसने त्रेचाळीसला भाग जातो की नाही, हे आता दुधपित्या पोरालाही सांगायला नको. आकडा आपलं नाव शेपटीला बांधून दारात उभा, आणि आम्ही म्हणतोय, कोण बाई तू, ओळखलं नाही.

छापखानेवाला : मास्तरांनीही जरा तसंच खोचून लिहिलंय. बाकी सभ्य माणूस आहे.

नणंद : खोचणारच. मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं. वहिनी, त्रेचाळीस कुणाकडे असतो?

भावजय : माझ्याकडे.

नणंद : मग? अहो, मग काय? काहीतरी बोला. मूग गिळून बसलात की मला जास्त राग येतो.

भावजय : राहिला आकडा. छापलेलं समोर आहे, मी नाही कशी म्हणू?

छापखानेवाला : थांबा, थांबा. आधी मला एकदा नीट समजू द्या, कारण मास्तरांना उत्तर मला लिहायचंय. इतकी वर्षं तुमचे तक्ते छापतोय, पण इथे बसून तुम्ही नक्की करता काय, ते कधी विचारलं नाही. एकेका आकड्याला भागत बसता?

नणंद : तसं बसलो तर आमची नातवंडं येऊन तक्ता संपवतील. हा पुठ्ठा बघा. याला ठरावीक जागी भोकं आहेत. लिहिलेल्या पानावर ठेवायचा, वरची खूण जुळेपर्यंत वर-खाली सरकवायचा. मग ज्या भोकातून जो आकडा दिसेल, त्याला त्रेचाळीसने भाग जातोच. दिसलेलं घर मोकळं असेल तर त्यात त्रेचाळीस लिहायचं. आधीच कुणी लहान भाजक लिहिलेला असेल तर सोडून द्यायचं, मोठा असेल तर तो खोडून त्रेचाळीस करायचं.

छापखानेवाला : म्हणजे सगळ्यात लहान भाजक तेवढा लिहायचा.

नणंद : तेवढाच. असा सातचा पुठ्ठा वेगळा, अकराचा वेगळा, सतराचा, एकोणीसचा वेगळा. एकामागून एक सगळे पानावरून जातात. सगळे जाऊनही जे घर मोकळं राहिलं, ती मूळ संख्या. पान माझ्याकडून काकांकडे, काकांकडून वहिनींकडे, असं टेबलभर फिरतं.

छापखानेवाला : आणि त्रेचाळीस वहिनीसाहेबांकडेच का? म्हणजे कुणीही उचलला पुठ्ठा आणि ठेवला, असं नाही?

नणंद : नाही. मोठमोठे भाजक कुणीही करतं, पण लहान भाजकांचं तसं नाही. आमच्या वडिलांची रीत. घरातल्या पोराला दहावं लागलं की त्याने एक भाजक मागायचा आणि त्याचा पुठ्ठा स्वतःच्या हाताने कापायचा. मापं स्वतः घ्यायची, भोकं स्वतः पाडायची. मग तो भाजक त्याचा, जन्मभर. मी सदतीस मागितला. काकांचा एकोणीस. दादाने त्रेचाळीस मागितला. वडील म्हणाले, अरे सोपा काहीतरी माग. तो म्हणाला, सोपा सगळ्यांनाच मिळतो.

छापखानेवाला : दादा तसेच. बिल द्यायला आले तरी माझीच बेरीज तपासून जायचे.

नणंद : दादा गेल्यावर त्याची खुर्ची आणि त्याचा पुठ्ठा वहिनींना दिला.

भावजय : सुनांना मागता येत नाही. ज्याच्या घरी येतील त्याचा.

नणंद : तो टोमणा होता का?

भावजय : नाही. रीत सांगितली.

छापखानेवाला : बरं ताई, आता मी सरळच बोलतो, मला आडून बोलता येत नाही. पुढचा खंड, तीस लाखांपासून पुढचा, मला तुमच्याच खोलीला द्यायचाय. दुसरीकडे दर कमी आहेत, तरीसुद्धा. पण गिऱ्हाईक विचारणार, चुकलं कुणाचं आणि तुम्ही त्यावर केलंत काय. तेव्हा मला एवढं म्हणता आलं पाहिजे, की ज्या हातून चूक झाली तो हात आता त्या टेबलाशी नाही.

नणंद : म्हणजे वहिनींना उठवा.

छापखानेवाला : मी नाव घेतलं नाही.

नणंद : नाव घ्यायला ठेवलंत काय? त्रेचाळीसचा हात एकच आहे इथे.

छापखानेवाला : अहो, मला काय आनंद होतोय? दादांशी माझा घरोबा होता. पण धंदा आहे. आकड्यांच्या तक्त्यात एक आकडा खोटा निघाला की बाकीचे लाखभर खरे असूनही माणूस प्रत्येकाकडे संशयाने बघतो. दुधात माशी पडली तर आपण माशीपुरतं दूध टाकतो का?

नणंद : वहिनी, ऐकताय ना? तुमच्याबद्दल चाललंय.

भावजय : ऐकतेय.

नणंद : आणि काही म्हणायचं नाही?

भावजय : म्हणायचं आहे. मी उठले तर या घरात मी कोण, ते मला आधी सांगा. तुमच्या दादांच्या मागे मला कुणी काय दिलं? ही खुर्ची. सकाळी या खुर्चीत बसते म्हणून दुपारी पानावर हक्काने जेवते. उद्या नुसती मागच्या खोलीत राहिले, तर तुम्ही हाकलणार नाही हे मला माहीत आहे. पण पाहुणी कधी जाणार असं कुणाच्या मनात आलं, तर मी काय उत्तर देऊ?

नणंद : असं कुणी म्हणालंय का तुम्हाला?

भावजय : म्हणायची वेळ आली नाही अजून. रोज सकाळी कामाला बसतेय ना.

छापखानेवाला : वहिनीसाहेब, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

भावजय : तुम्ही तुमचं काम करताय. मला त्याचा राग नाही.

नणंद : मला आहे. सगळ्यांचाच आहे. तुमचा आहे, कारण तुम्ही चार शब्द बोलत नाही. यांचा आहे, कारण हे जास्त बोलतात. आणि या आकड्याचा तर इतका आहे की हे पान फाडून खावंसं वाटतंय. दादा असता तर वरच्या ओळीतून जाता जाता म्हणाला असता, हा बघा आपला माणूस.

छापखानेवाला : माझा प्रश्न वेगळाच आहे ताई. हा एक मास्तरांना दिसला. न दिसलेले किती असतील?

नणंद : तेच बघूया ना. द्या तो पुठ्ठा. आमचं मूळ पान कुठलं? हे. वरची खूण... थांबा, या पानाला पुठ्ठा अगदी वरपर्यंत सरकवावा लागतोय. हां, जुळली. आता मोजा. पहिली ओळ बरोबर, दुसरी बरोबर, सगळं बरोबर आहे. इथेही त्रेचाळीस लिहिलंय, इथेही. मग आपला आकडा कुठाय?

भावजय : खालून चौथ्या ओळीत.

नणंद : खालून चौथी... अरेच्चा. तिथे पुठ्ठाच नाही.

छापखानेवाला : नाही म्हणजे?

नणंद : नाही म्हणजे नाही. संपला. पुठ्ठा वर सरकवला की खालच्या चार ओळी उघड्या पडतायत. तोकडा आहे हा. पण हा तोकडा असेलच कसा? वडिलांच्या वेळेपासून पानाचं माप एकच...

छापखानेवाला : एकच नाही ताई.

नणंद : काय?

छापखानेवाला : मीच वाढवल्या ना चार ओळी. कागद महागला तेव्हा. दर पानात चार ओळी जास्त बसवा म्हटलं, सबंध खंडात पंधरावीस पानं वाचतात. तुम्ही कुरकुर केलीत, पण केलंत. या खंडापासूनच.

नणंद : हो. केलं. आठवडाभर दुसरं काही केलं नाही. टेबलावरचे सगळे पुठ्ठे मोडीत काढून लांब कापले. काकांनी त्यांचा कापला, मी माझा, बाकीचे धाकट्यांनी.

छापखानेवाला : आणि हा?

नणंद : हा राहिला.

छापखानेवाला : राहिला कसा? तुमच्या नजरेतून टाचणी सुटत नाही.

नणंद : दादा गेला त्याच महिन्यातली गोष्ट आहे ही. समजलं? तुमच्या चार ओळी आणि त्याचं जाणं एकाच महिन्यात आलं. नवा कापला की जुना तिथल्या तिथे फाडायचा, हीसुद्धा वडिलांचीच शिस्त. एका भाजकाचे दोन पुठ्ठे टेबलावर आले की कोण कुठला उचलेल याचा भरवसा नाही. मी हा हातात घेतला होता. हे भोक बघा, तिरकं आहे. भोकं पाडायचा पंच सरकला होता त्याच्या हातून, अंगठ्याला लागलं होतं, रडला होता. मला नाही फाडवला. म्हटलं, उद्या करू. मग उद्या, मग परवा.

छापखानेवाला : आणि तोच तोकडा पुठ्ठा तुम्ही वहिनीसाहेबांच्या हातात दिलात.

नणंद : दिला. आता अख्ख्या खंडाची वाट लागली, दुसरं काय. दर दहापंधरा पानांनी एक पान असं येणार जिथे हा खाली पुरत नाही. तिथे त्रेचाळीसचा पत्ता नाही. कुठे मोकळं घर, कुठे चुकीचा भाजक. मास्तरांना एक सापडलाय, ते बसले तर ढीगभर काढतील.

छापखानेवाला : ताई, मला जरा बसू द्या. सगळा खंड बांधून तयार आहे हो. कापड लावून, सोनेरी अक्षरं टाकून. रद्दीत कोण घेणार तो?

नणंद : बसा. पाणी आहे तिकडे माठात. वहिनी, मागच्या पानांचा गठ्ठा इकडे द्या. बघू तरी द्या, किती बुडालंय ते. हे पान. पुठ्ठा वर... तीन ओळी उघड्या. खालून तिसरी, त्यात हा आकडा. भाग जातो. घरात... त्रेचाळीस लिहिलंय.

छापखानेवाला : लिहिलंय?

नणंद : लिहिलंय. थांबा. पुढचं काढते. हे पुरतं. हे पुरतं. पुढची दहाबाराही पुरतात. हे नाही पुरत, एक ओळ उघडी. त्रेचाळीस आहे. हेही बघते... आहे. इथे आहे. इथे काकांचा एकोणीस आधीच आहे, म्हणजे ठीक. इथेही आहे. हे कसं काय? पुठ्ठा पोचत नाही तिथे खूण कुणी केली?

भावजय : मी.

नणंद : कशाने?

भावजय : तोंडी. पुठ्ठ्याच्या शेवटच्या भोकातला आकडा घ्यायचा, त्यात त्रेचाळीस मिळवत खाली यायचं. चार ओळींत असे आकडे असतात किती? सम सोडले, तीन-पाचाचे सोडले, की चारदोन उरतात. सवय होते.

नणंद : सगळ्या पानांना?

भावजय : ज्यांना पुठ्ठा पुरला नाही त्यांना.

नणंद : आणि मला पत्ता नाही. मी इथे, तीन हातांवर बसलेय.

भावजय : तुम्ही तुमच्या पानात असता.

छापखानेवाला : म्हणजे खंड वाचला?

नणंद : थांबा हो, तुमचा खंड, खंड. वहिनी, बाकी सगळ्या पानांना केलंत, मग नेमका हाच कसा राहिला? इतका ढळढळीत आकडा. चार ओळींतला पहिलाच.

भावजय : ते पान माझ्यासमोर पुरतं राहिलं नाही.

नणंद : म्हणजे?

भावजय : घर नीट बघा. मूळ पानातलं, छापलेलं नव्हे.

नणंद : मोकळंच आहे. एक रेघ आहे नुसती. शाई ओघळलीय.

छापखानेवाला : हां, ती रेघ आमच्या पोराने दाखवली होती मला. मी म्हटलं, डाग आहे, सोडून दे.

भावजय : डाग नाही. चार आहे तो. चारची पहिली रेघ.

नणंद : आणि पुढे कुठे गेला?

भावजय : पान गेलं. यांची गाडी खाली उभी होती, हमाल दारात येऊन दोनदा ओरडून गेला होता. तुम्ही आलात, म्हणालात, पुठ्ठा उचलला ना, झालं तर मग, आणि पान ओढून घेतलंत. मी म्हटलं, खालचं राहिलंय. तुम्ही जिन्यात होतात.

नणंद : मी ओढलं?

भावजय : हो.

नणंद : असं माझ्या हातून होणार नाही.

भावजय : बरं.

नणंद : बरं काय? झालं असेल तर झालं म्हणा.

भावजय : झालं. त्या दिवशी तुम्ही कुणाचं ऐकण्यात नव्हतात. काकांच्या हातातलंही एक पान ओढलंत. पण त्यांचं काम आटपलं होतं.

नणंद : ...हो. काका म्हणाले होते मला, लेखणी लागेल कुणाच्या तरी डोळ्याला.

भावजय : याच पानात अजून एक आहे. शेवटच्या ओळीत. तेवीस लाख बावीस हजार तीनशे एक.

छापखानेवाला : अजून एक? मास्तरांनी तर एकच लिहिलाय.

भावजय : कारण ते घर मोकळं नाही. तिथे त्रेपन्न छापलंय. त्रेपन्नने भाग जातो, खोटं काही नाही. पण त्रेचाळीसनेही जातो आणि तो लहान. त्रेपन्न खोडून तो यायला हवा होता.

नणंद : तीनशे एक म्हणजे त्रेचाळीस सत्ते. बरोबर आहे. हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

भावजय : पान गेलं तेव्हापासून.

नणंद : आणि इतके दिवस उराशी धरून बसलात? छापायच्या आधी एक शब्द बोलला असतात तर हे सगळं टळलं असतं.

भावजय : त्या संध्याकाळी सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, हिशेब आज नको, डोकं उठलंय. दुसऱ्या दिवशी छापून झालं होतं.

नणंद : आणि पुठ्ठा पुरत नाही, हे? ते तरी सांगायचं होतंत.

भावजय : ते सांगितलं होतं. खुर्चीवर बसले त्याच आठवड्यात. म्हटलं, हा खाली पुरत नाही.

नणंद : मी काय म्हणाले?

भावजय : म्हणालात, दादाला पुरत होता.

छापखानेवाला : ताई, पाणी घेता?

नणंद : नको. तुमचं मास्तरांचं कार्ड कुठाय? त्यांना लिहा, दोन आकडे चुकलेत, एक त्यांनी काढला आणि एक आम्ही काढून देतोय. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापा, प्रत्येक प्रतीत चिकटवा. खर्च आमच्या बिलातून वळता करा.

छापखानेवाला : करतो. चिठ्ठी काय, तासाभराचं काम. पण ते दुसरं? गिऱ्हाइकाला काय सांगू? ज्या हातून चूक झाली तो हात...

नणंद : माझा हात आहे तो. पान मी ओढलं. पुठ्ठा मी कापला नाही. सांगितलेलं मी ऐकलं नाही. आता तुमच्या शब्दाप्रमाणे मी उठते. उद्यापासून टेबलाच्या टोकाला कुणाला बसवताय?

छापखानेवाला : अहो ताई, भलतंच काय. तुम्ही उठलात तर सगळं टेबलच उठलं.

नणंद : मघाशी तर हात टेबलाशी नको होता.

छापखानेवाला : तेव्हा हात वहिनीसाहेबांचा वाटला होता.

नणंद : वा. म्हणजे त्यांचा असला तर उचलून टाकायचा आणि माझा असला तर गिळायचा. धंदा आहे म्हणे.

छापखानेवाला : चुकलो. घ्या, कान धरतो. मी लिहितो की पान उचलायच्या घाईत दोन घरं राहिली आणि पुन्हा राहू नयेत अशी व्यवस्था केली आहे. चालेल?

नणंद : वहिनींना विचारा. उठायला त्यांना सांगितलं होतंत, मला नाही.

छापखानेवाला : वहिनीसाहेब, चालेल?

भावजय : घाई कुणाची, ते नका लिहू. घरातली गोष्ट आहे.

छापखानेवाला : नाही लिहीत. निघतो मी. आणि ताई, चार ओळी पुन्हा कमी करायच्या का? पुढच्या खंडात?

नणंद : आता कशाला? राहू देत. जपून उतरा, तिसरी पायरी हलते.

भावजय : गेले.

नणंद : जाऊ देत. डोकं खाल्लं माणसाने. तुम्हीही काही कमी खाल्लं नाहीत. इतकं सगळं पोटात घेऊन माणूस जेवतं कसं? मी तुम्हाला इतकं टाकून बोलले, सगळं त्यांच्यासमोर. एकदा तरी म्हणायचं, वन्सं, जरा तोंड आवरा.

भावजय : तुम्ही आवरलं असतंत?

नणंद : नसतं आवरलं. पण मला आता इतकं लागलं नसतं.

भावजय : चहा ठेवू?

नणंद : बसा खाली. चहाचं नाव काढून उठू नका. मला एक कळत नाही, वहिनी. पंच तुमच्या हाताशी होता, कोरा पुठ्ठा कपाटात होता. मी दुपारी पडते तेव्हा गुपचूप नवा करून घेतला असतात, तर मी काय तुम्हाला फाशी दिली असती? इतक्या पानांच्या ओळी तोंडी करत बसलात.

भावजय : करणार होते. एकदा मापंही घेतली होती.

नणंद : मग?

भावजय : पान माझ्याकडे आलं की तुम्ही मान वर करून बघायचात, मी तुमच्या दादांचा पुठ्ठा नीट ठेवते की नाही. दर पानाला. दिवसभरात तेवढंच काय ते तुम्ही माझ्याकडे बघत होतात. नवा असता तर बघायचं कारण राहिलं नसतं.

नणंद : ...कपाटातून पुठ्ठा काढा. आणि पंच. इथे माझ्यासमोर बसा आणि तुमचा त्रेचाळीस कापा.